बुडबुडे थांबेस्तोवर

२ नोव्हेंबर, रविवार
कशिशला विज्ञानात पंचवीसपैकी अकरा. त्यात दहावीचं वर्ष. शाळेतल्या बाई म्हणाल्या, ट्यूशन लावा. अठ्ठावीस वर्षं मंगळवार पेठेत गळके रेडिएटर झाळतोय, रोज ॲसिडशी गाठ, आणि माझ्या पोरीला धातू-ॲसिड शिकवायला बाहेरचा माणूस? हा मीरासाब काय मेला काय? बायकोनं, हुस्नानं, अट घातली. पुढच्या चाचणीत वीसच्या वर आले तर ट्यूशन न्हाय. न्हाय आले तर मी विज्ञानावर जन्मात तोंड उघडायचं न्हाय. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या कोडोलीच्या आकारामसमोर हो म्हणायला लावलं. हसत म्हटलं.

४ नोव्हेंबर
धडा उघडला. जस्त आणि ॲसिड. हे तर आपलं रोजचं. झाळायच्या आधी जुन्या सेलचं जस्त ॲसिडात टाकायचं, फसफसू द्यायचं. पुस्तक म्हणतंय, बाणाच्या दोन्हीकडं अणू सारखे पायजेत. डावीकडं H एक, उजवीकडं दोन. मी HCl च्या खाली दोन बारके २ घातले. अर्ध्या मिनिटात बॅलन्स! नाद खुळा!
कशिश म्हणाली, अब्बा, बारक्या आकड्याला हात लावायचा न्हाय, पदार्थच बदलतो. मोठा आकडा पुढं लावायचा.
चष्मा बदलायला पायजे.

७ नोव्हेंबर
पुढं किती लावायचा? ॲसिडात जस्त कुणी कधी मोजून टाकलंय? जस्तापुढं लिहिलं, ‘बुडबुडे थांबेस्तोवर’. पुस्तकापेक्षा बरोबर हाय. कशिश टेबलावर डोकं टेकून बराच वेळ गदागदा हलत होती. भारावली असणार.

११ नोव्हेंबर, दुपारी ३
ॲल्युमिनियम सुटलं! दोन, सहा, बाण, दोन, तीन! परत मोजलं. H सहा, Cl सहा. दुकानात एकटाच नाचलो. भिंतीवर खडूनं लिहून काढलं. लोखंड पण केलं. आता जे दिसंल ते बॅलन्स करणार.

संध्याकाळी ७
आनंदाच्या भरात आकारामच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं पाणी सोडायचं भोकच झाळून बुजवलं. लई बोलला. म्हटलं, गळतीची तक्रार तुझीच हुती की, आता थेंब पडला तर सांग.

१४ नोव्हेंबर
उद्यापासून पहाटे पाचला शिकवणी. ठरलं म्हणजे ठरलं.

१५ नोव्हेंबर
साडेआठला जाग आली. कशिश कधीची पुस्तक घेऊन बसलेली. हल्ली दार लावून अभ्यास करते. माझीच शिस्त.

१८ नोव्हेंबर
आज तांबं. कशिश म्हणते, पुस्तकात लिहिलंय, तांब्याची ह्या ॲसिडबरोबर अभिक्रियाच होत न्हाय. हसू आवरंना. म्हटलं, पुस्तकवाल्यानं कधी रेडिएटर उघडलाय काय? काळ्याकुट्ट तांब्यावर ॲसिडचा ब्रश फिरवला की कसं लख्ख होतं, ते काय अभिक्रियेशिवाय? समीकरण लिहून चोख बॅलन्स करून दिलं. तिनं पुस्तकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि वहीत उतरवून घेतलं. शिकवावं तर असं.

२० नोव्हेंबर
चाचणी झाली. सोपी गेली म्हणाली. दुकानाच्या पाटीवर ‘येथे विज्ञान शिकवले जाईल’ रंगवून घेऊ काय? हुस्ना म्हणाली, जरा दम धरा.

२४ नोव्हेंबर, दुपारी १
चोवीस! पंचवीसपैकी चोवीस! गल्लीभर पेढे. आकारामला फोन केला. त्यानं ठेवून दिला. जळतोय.

संध्याकाळी ६
पेपर बघितला. एकच मार्क गेलाय. तांब्याचा.
कशिशला विचारलं, पुस्तकातलं पाठ हुतं तर असं का लिहिलंस? म्हणाली, अब्बा, तुम्ही रोज तांब्यात काम करता, तुम्हालाच जास्त माहीत असणार असं वाटलं.
बाकीचं सगळं पुस्तकातनं केलतं तिनं. माझं ऐकलं ते तेवढंच.

२५ नोव्हेंबर
सकाळी १०. तांब्याचा तुकडा घासून ॲसिडात टाकला.
१०.३०. बुडबुडा न्हाय.
१२. न्हाय.
२. हुस्ना डबा घेऊन आली. वाकून बघितलं. म्हणाली, ॲसिड वरचा काळा थर सोडून तांबंपण खात असतं तर अठ्ठावीस वर्षांत तुमच्या हातनं एक तरी रेडिएटर वाचला असता काय?
४. न्हाय.
५. कशिश आली. हुस्नाच्या अटीत मी जिंकलोय, ट्यूशन न्हाय. तिनं विचारलं, अब्बा, आज काय शिकवणार? मी खडू तिच्या हातात दिला आणि स्टुलावर बसलो.