डाव्या बाजूचा गंज

मंगळवार, ३ मार्च

ब्रेक लागला नाही.

शाळेत नन्सनी पट्टी मारून मारून वळण लावलेलं माझं अक्षर, आज कोंबडीनं उकरल्यासारखं दिसतं आहे.

पाण्याच्या टाकीचा उतार. पिकअपमध्ये मागे लोखंडी पलंग, गादी, ऑक्सिजनचं मशीन. शेजारी मौनी — आमचा ड्रायव्हर. दिवसाला दहा शब्द बोलतो म्हणून मीच ठेवलेलं नाव. त्यानं पेडल दाबलं आणि पाय थेट तळाला गेला. "सिस्टर, धरून बसा," इतकंच म्हणाला. गियर खाली, हँडब्रेक वर, डावं चाक फुटपाथच्या कडेला घासत घासत. गाडी थांबली ती शाळेच्या फाटकापासून चार हातांवर. शाळा सुटायला पाच मिनिटं होती. पाच!

आणि मी काय केलं? त्याच्यावर तोंड सोडलं. निघण्याआधी गाडी बघता येत नाही का, ही काय बैलगाडी आहे का, सगळं. तो उतरला, चाकांना दगड लावले, मग मागे जाऊन मशीनचे पट्टे घट्ट आहेत ना ते पाहिलं.

गाडी गॅरेजवाल्यानं ओढून नेली. जेवण गेलं नाही.

बुधवार, ४ मार्च

गॅरेजवाल्याचा फोन. ब्रेकची नळी गंजून फुटली. नुसती नळी नाही, चॅसीलाही गंज लागला आहे. वेल्डिंग करून देईन म्हणाला, "पण बाई, पुन्हा असं होणार नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही." मग कशावर हात ठेवून सांगणार? ते विचारायचं राहिलं.

धाकटीनं — माझ्या बहिणीनं — लगेच तिच्या मुलाला कळवलं. आमच्या रुग्णसाहित्य केंद्राचं रजिस्टर आणि फोन तिच्याकडे आहे, त्यामुळे घरातली कुठलीच बातमी इथे अर्धा तासही टिकत नाही. भाच्यानं नव्या गाड्यांचे अकरा फोटो पाठवले. वर शहाणपण: "मावशी, सतरा वर्षांची गाडी! बदल आता. जुनं झालं की बदलावं."

मी म्हटलं, मी एकाहत्तर वर्षांची आहे, माझं काय बदललं रे?

"डावा गुडघा," तो म्हणाला.

फोन ठेवला.

गुरुवार, ५ मार्च

वाचनात लक्ष नाही. कागदावर दोन रकाने पाडले — दुरुस्त, बदल. अर्ध्या तासानं दोन्ही खोडले.

निवृत्त झाले त्या वर्षी ही गाडी घेतली, चार वर्षं वापरलेली. हॉस्पिटलनं शाल दिली, मी पिकअप घेतला. वॉर्ड सुटला म्हणून चाकांवरचा वॉर्ड. ज्यांच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलं त्यांना पलंग, वॉकर, व्हीलचेअर, मशीन पोचवायचं, काम झालं की परत आणायचं. फुकट. पुढचं घर, पुढचा पलंग. तेरा वर्षं एकही घर चुकलेलं नाही.

नवी घ्यायची तर पुढची दोन वर्षं एक गादीही घेता यायची नाही. दुरुस्त करावी, तर ते शाळेचं फाटक डोळ्यांसमोरून हलत नाही. आणि दोन्ही नको म्हटलं तर केंद्र बंद. मग मी काय करायचं? खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला मोजायच्या?

सोमवारी शिंपीकाकांना हॉस्पिटलमधून घरी सोडणार आहेत. खुब्याचं हाड. त्यांच्या मुलीचे आज तीन फोन. "पलंग येईल ना हो?" येईल म्हणाले. कसा, ते मलाच ठाऊक नाही.

शुक्रवार, ६ मार्च

गॅरेजात स्वतः गेले. ऐकीव निदानावर मी कधी विश्वास ठेवला नाही.

गाडी वर उचललेली होती. खाली वाकून पाहिलं (बदललेला गुडघा वाकतो, जुना नाही!). गॅरेजवाल्यानं टॉर्च मारला. उजवी बाजू बरी. वयाच्या मानानं छानच म्हणावी अशी. आणि डावी? स्क्रू ड्रायव्हर टोचला तर पापुद्रे पडले, शिळ्या पावाचे पडावेत तसे.

त्यानं विचारलं, गाडीतून मासळी-बिसळी नेता का? खत? मिठाची पोती? हा असा एका अंगाचा गंज साधा नाही. काहीतरी सांडत होतं, वर्षानुवर्षं.

पलंग आणि गाद्या, दुसरं काही नाही, मी म्हणाले. आणि म्हणतानाच आठवलं. रविवार!

रविवारी गाडी मौनीकडे असते. घरचं किरकोळ सामान न्यायला मीच परवानगी दिली होती. किरकोळ! त्याचा मेहुणा खताच्या दुकानात आहे.

शनिवार, ७ मार्च

मौनीला बोलावून घेतलं. समोर उभं केलं. विचारलं: रविवारी गाडीत काय भरत होता?

भाचीचं कपाट एकदा, शेजाऱ्याची टाकी एकदा, म्हणाला.

मी म्हटलं, आणि खत? माझ्या विश्वासाचं खत केलंत तुम्ही. रोग्यांच्या गाद्या जिथे ठेवायच्या तिथे तुम्ही भाडी मारलीत. त्या दिवशी शाळेतली पोरं चिरडली असती तर कुणी उत्तर दिलं असतं?

त्यानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग वरच्या खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. आवाजसुद्धा होऊ दिला नाही. "येतो, सिस्टर."

चोर सापडला म्हणजे हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

धाकटी दारामागून सगळं ऐकत होती. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते: "ताई, तू वॉर्ड सोडलास, पण वॉर्डातली जीभ घरी घेऊन आलीस. पहिला ड्रायव्हर दोन वर्षांत पळाला. हा अकरा वर्षं टिकला, त्याला तू आज चोर म्हणालीस."

चोर हा शब्द मी वापरला नव्हता. तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, "शब्दच तेवढा शिल्लक होता."

रविवार, ८ मार्च

कुणी आलं नाही.

सोमवार, ९ मार्च

भाड्याचा टेम्पो केला. तो तासभर उशिरा आला. टेम्पोवाल्यानं गादी रस्त्यावर आडवी टाकली — रस्त्यावर! — आणि जिना चढायचं माझ्या कामात नाही म्हणाला. शिंपीकाका रिक्षातून येऊन जिन्याखाली खुर्चीत बसलेले. दुखण्यानं ओठ पांढरे. त्यांचा जावई, मी आणि धाकटी, तिघांनी मिळून पलंग वर नेला. वळणावर माझा हात कठड्यात चेमटला.

वर नेला खरा, पण पलंगाच्या मागच्या भागाचा खटका बसेना. कितीदा पाहिलं आहे मी तो बसवताना! पाहिलं आहे, बसवलेला नाही. ते मौनी करायचा. चपला दाराबाहेर काढून आत जायचा, खोलीत एकदा नजर फिरवायचा आणि पेशंटला विचारायचा, "काका, उजेड कुठल्या अंगाला हवा?" त्याच्या दिवसाच्या दहा शब्दांतले पाच तिथे जायचे. मी तेव्हा नातेवाइकांना औषधांवर भाषण देत असायची.

शिंपीकाका चाळीस मिनिटं खुर्चीत बसून होते. त्यांची मुलगी "काही हरकत नाही" म्हणाली. हरकत तिच्या चेहऱ्यावर होती.

मंगळवार, १० मार्च

दोन घरांना नाही म्हणावं लागलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा. धाकटीनं रजिस्टरात लिहिलं, माझ्याकडे न बघता.

बुधवार, ११ मार्च

गॅरेजवाला म्हणाला, काय ते एकदा ठरवा बाई, माझी जागा अडली आहे. गेले.

दुरुस्तच करा, असं सांगणार होते. खत थांबलं म्हणजे गंज थांबेल, हा माझा हिशेब. त्यानं मान हलवली. चॅसीच्या बेचक्यातून पांढरी खपली खरवडून काढली, कागदावर घेतली, थेंबभर पाणी टाकलं. "बाई, हे खत नाही. वास घ्या."

घेतला.

तो वास मी चाळीस वर्षं रोज घेतला आहे. वॉर्डाच्या मागची मोरी. बेडपॅन धुवायची जागा. ब्लीचिंग पावडर!

मी गाडीत टाकते ती. पलंग परत आला की आधी गाडीचा हौदा धुवायचा — दोन बादल्या, ब्लीचिंगचं कडक पाणी, वॉर्डात शिकवलं तसं. दुसऱ्याच्या जखमेवरचा जंतू तिसऱ्याच्या घरी जाता कामा नये. तेरा वर्षांत एकदाही चुकवलं नाही. तापात असतानाही धुतला. आणि ते पाणी फटींतून खाली चॅसीवर, नळ्यांवर ठिबकत होतं. लोखंड खात होतं.

गॅरेजवाल्यापुढे मी म्हणाले, असं होय.

घरी येऊन डब्याचं झाकण उघडलं आणि हुंगलं. तोच.

गुरुवार, १२ मार्च

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर रोजनिशी लिहितो आहे.

शुक्रवार, १३ मार्च

धाकटीला सांगितलं. वाटलं होतं, टोमणा मारील. मारला असता तर बरं झालं असतं. तिनं चहा केला आणि माझ्यासमोर ठेवला.

मौनीकडे जायला हवं. काय म्हणायचं? उभ्या नोकरीत मी हाताखालच्या कुणाची माफी मागितलेली नाही. डॉक्टरांची मागितली, तीसुद्धा दातओठ खात. दुपारभर आरशासमोर वाक्यं म्हणून पाहिली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "पण" येतो. "माझं चुकलं, पण तुम्हीही बोलायला हवं होतं." हा "पण" गिळता येत नाही. माशाच्या काट्यासारखा अडकतो.

शनिवार, १४ मार्च

गेले. दोन खोल्या, दारात सायकल, आत लख्ख. त्याच्या बायकोनं खुर्ची पुसून दिली. रागावली असती तर सोपं गेलं असतं. तो शाळेच्या बसवर लागतो आहे, सोमवारपासून, असं तिनंच सांगितलं.

मी उभ्या उभ्याच म्हणाले: गंज माझ्या ब्लीचिंगचा होता. मी तुम्हाला नाही ते बोलले. चुकलं माझं. इथे थांबले, "पण" न येऊ देता.

तो म्हणाला, "मला ठाऊक होतं, सिस्टर."

काय ठाऊक होतं?

तेव्हा तो बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला अकरा वर्षांत ऐकलेलं नाही. मी धुऊन आत गेले की तो नळाला नळी लावून खालून साधं पाणी मारायचा. रोज. ब्लीचिंग उतरून जावं म्हणून. पण गाडीची डावी बाजू आमच्या कुंपणाच्या भिंतीला खेटून उभी असते. तिथे माणूस शिरत नाही, नळी पोचत नाही. उजवी तेवढी वाचली.

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. मग तोंडातून काय निघालं? "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. आलो त्याच महिन्यात."

अशक्य, मी म्हणाले. तुम्ही सांगितलं असतं तर माझ्या लक्षात राहिलं असतं. मी कुठल्या खाटेवर कोण होतं ते अजून सांगते. तुम्ही सांगितलंच नाहीत!

माफी मागायला गेले आणि त्यालाच खोटं ठरवून आले. त्याच्या बायकोनं माझ्या पुढ्यातला चहाचा कप उचलला. मी अर्धाच प्याले होते.

रविवार, १५ मार्च

ट्रंकेतल्या जुन्या रोजनिश्या काढल्या. मीच खरी, हे दाखवायला. तो ज्या महिन्यात आला त्या महिन्याचं पान. माझंच अक्षर, नन्सचं वळण, एकही खाडाखोड नाही:

"नवा ड्रायव्हर मला धुणं शिकवायला निघाला! म्हणे ब्लीचिंगनं गाडी सडेल. सांगितलं, तुम्ही चाक सांभाळा, स्वच्छता मला कळते. पुन्हा तोंड उघडणार नाही. त्याचं नाव मौनी ठेवलं."

वही घेऊन निघाले आहे. हे पान त्याला वाचून दाखवणार. तो परत येईल की नाही, माहीत नाही. गाडी दुरुस्त करायची की बदलायची, ते त्याला विचारणार आहे. आणि उत्तर पुरं होईपर्यंत गप्प बसणार आहे.