ड्रॉवरमधला बॅज

९ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट आला. एसजीपीटी ११८. चाळिसाच्या आसपास हवं असतं. दादाला लिव्हर देणार मी, आणि माझंच लिव्हर रुसून बसलंय.

लिव्हरच्या मॅडमनी कागद दोनदा वाचला. दारू? नाही. कावीळ झालेली? नाही. औषधं काही? नाही. मग विचारलं, काम काय करता. म्हटलं, परळला कॅथलॅबमध्ये टेक्निशियन, बारा वर्षं. अँजिओग्राफी चालू असताना एक्स-रे मशीन माझ्याकडे. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमच्या रेडिएशन बॅजचं रेकॉर्ड घेऊन या."

हो म्हटलं. 

दादा बाहेर बाकावर बसलेला. डोळे हळदीसारखे. काय म्हणाल्या विचारलं, तर सांगितलं, थोडी चरबी आहे, बाकी काही नाही. खोटं कशाला बोलले कळत नाही. घरात रक्तगट जुळतो तो फक्त माझा. वहिनीचा नाही, पोरं अजून शाळेत.

१० फेब्रुवारी

रेकॉर्ड काढलं. तीन वर्षांत जवळपास शून्यच. इतकं स्वच्छ की आपल्यालाच लाज वाटावी.

बॅज म्हणजे प्लास्टिकची चपटी डबी. छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायची. दर तीन महिन्यांनी तपासायला जाते आणि आपण किती किरणं खाल्ली ते छापून येतं. माझा बॅज तीन वर्षं ड्रॉवरमध्ये आहे. स्टेपलर, केसांच्या पिना, बॅज. किरणं काय ती स्टेपलरने खाल्ली असतील तेवढीच.

मी एकटी नाही. आमच्यातल्या सावंतचं रिडिंग एकदा वर गेलं, तर त्याच्याकडून खुलासा लिहून घेतला आणि त्याला कॅथलॅबमधून उचलून साध्या एक्स-रेला बसवलं. जेवताना बिचारा महिनाभर कोणाशी बोलला नाही. तेव्हापासून आम्ही सगळे शहाणे झालो.

आता हे शहाणपण कोणाला सांगू?

१४ फेब्रुवारी

मॅडमना रेकॉर्ड दिलं. बघून मान हलवली. म्हणाल्या, लिव्हर किरणांना तसं दाद देत नाही. कॅन्सरच्या उपचारात थेट त्याच्यावर मारा केला तर बिघडतं. नोकरीत मिळतात तेवढ्या किरणांनी सहसा होत नाही. "आणि तुमचे आकडे तर काहीच नाहीत."

सहसा. आकडे माझे नाहीत, ड्रॉवरचे आहेत. हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

मग त्यांनी परत विचारलं, झाडपाला, चूर्ण, काढा? म्हटलं, वहिनी गुळवेलीचा काढा करते, दिवाळीपासून आम्ही सगळेच घेतो, सकाळी सहाला, पितळी पेला भरून. मॅडम बघत राहिल्या. "औषधं नाही म्हणालात ना?" काढा म्हणजे औषध कुठे? घरातलंच तर आहे. पण गुळवेलीने काही जणांचं लिव्हर सुजतं म्हणाल्या. बंद. दादाचाही बंद. महिन्याने पुन्हा रक्त.

घरी सांगितलं. वहिनीने गॅसवरचं पातेलं उचललं, मोरीत ओतलं आणि तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, दादाचा आजार काढ्याच्या कितीतरी आधीचा आहे, हिपॅटायटिसचा आहे. "पण चार महिने मीच पाजला ना."  जवळ गेले आणि दोघी रडलो.

२० फेब्रुवारी

आज डोनरचा सीटी स्कॅन. बारा वर्षं दुसऱ्यांना सांगत आले, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. आज एक पोरगेलासा टेक्निशियन मला सांगत होता आणि मला श्वासच धरता येईना. लिव्हर बिघडलंय का ते बघायला लिव्हरवर आणखी किरणं. हसू आलं, तर तो म्हणाला, मॅडम हलू नका.

निघताना सवयीने त्याच्या छातीकडे बघितलं. बॅज नव्हता. काय तोंडाने विचारणार?

२७ फेब्रुवारी

सावंतला विश्वासात घेतलं. म्हणाला, "वेडी आहेस काय? एप्रन घालतेस ना रोज? मग लिव्हरपर्यंत काय पोचणार?" पटलं. एक तासभर पटलेलं होतं.

मग केसेस संपल्यावर माझं एप्रन टेबलावर पसरलं आणि मशीनखाली बघितलं. चार नंबरचं, बुटक्यांसाठीचं, मीच वापरते. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, बोटभर लांब चीर. कापड वरून धड. आतलं शिसं फाटलेलं.

एप्रन खुंटीला टांगायचं असतं, घडी घालायची नसते. पहिल्या दिवशी शिकवतात. पण मी रोज घडी घालते. आईने लावलेली सवय, दहा बाय बाराच्या खोलीत घडी न घातलेली वस्तू दिसली की ओरडायची. सगळे माझ्या घडीचं कौतुक करायचे. इतकी वर्षं त्याच जागी मोडत आले मी ते.

चीर कधीची? त्यातून किती आलं? बॅज असता तर कदाचित काही कळलं असतं. रक्तावरून जुना डोस काढतात असं सावंत म्हणतो, पण खूप असेल तरच दिसतो म्हणे. मग थोडा असेल तर? थोडा म्हणजे किती? 

८ मार्च

दादा आज आंघोळीला गेला आणि विसरला कशाला गेला ते. टॉवेल खांद्यावर टाकून गॅलरीत उभा. शेजारच्या काकांनी हळूच मला विचारलं, किती घ्यायचा गं हा? मी म्हटलं, चहाच काका, दिवसाला पाच कप. चिडूनच म्हटलं. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्याला सगळी चाळ दारुडा ठरवून मोकळी.

हा माणूस जयंतीचे बॅनर रंगवायचा. संपूर्ण डिलाईल रोडवर त्याचं अक्षर ओळखायचे. माझ्या डिप्लोमाच्या वेळी स्वतःचं कॉलेज सोडलं आणि दिवसरात्र पाट्या रंगवल्या. आज मी वही दिली तर स्वतःचं नाव लिहिताना हात थरथरला. लिव्हर साफ करत नाही तो कचरा डोक्यात चढतो, मॅडमनी सांगितलंय. पावसाळ्याच्या आत ऑपरेशन व्हायला हवं, असंही सांगितलंय.

१६ मार्च

एसजीपीटी ६१. उतरलं. काढाच असणार. असणारच ना? पण सगळं का नाही उतरलं? सोनोग्राफीत थोडी चरबी आहे, तिचं असेल. किंवा अजून उतरायचं असेल. किंवा.

मॅडम खूश. म्हणाल्या, "रेडिएशनचा प्रश्न तर मिटलेलाच आहे, ट्रान्सप्लांटच्या कमिटीपुढे तुमचं नाव ठेवते." मी थँक्यू म्हणून बाहेर आले. जिन्यात बसले. बोलले तर मला बाद करतील, दादा जाईल. नाही बोलले आणि बिघडलेलं लिव्हर त्याच्या पोटात गेलं तर? माझं अर्धं कापल्यावर उरलेलं वाढलंच नाही तर? भीती वाटते, स्वतःसाठीसुद्धा वाटते. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

२३ मार्च

सांगितलं. ड्रॉवर, एप्रन, सगळं. मोबाइलमधला चिरेचा फोटो दाखवला.

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. बराच वेळ फोटो मोठा करून बघत होत्या. म्हणाल्या, बहुतेक काही नसेल, पण आता बहुतेकवर नाही चालणार. लिव्हरचा तुकडा काढून बघायचा, बायोप्सी. मी विचारलं, त्यात किरणांनी झालंय की कशाने ते कळेल? "बिघाड आहे की नाही ते कळेल. कशाने, ते सांगता येईलच असं नाही." कमिटी थांबली. माझ्यामुळे.

घरी येऊन दादालाही सांगितलं. त्याचा दिवस बरा होता, सगळं नीट ऐकलं. मग भिंतीकडे वळून झोपला. वहिनी म्हणाली, आजच कशाला सांगितलंस? बरोबर केलं की चूक केली, मला खरंच कळत नाही.

२६ मार्च

आमच्या रेडिएशन सेफ्टीच्या सरांकडे स्वतःहून गेले. खुलासा लिहून दिला, चार नंबरचं एप्रन बाद झालं. सावंत बोलत नाही माझ्याशी. सगळ्यांचे ड्रॉवर उघडले ना. काढतील मला कॅथलॅबमधून बहुतेक.

१ एप्रिल, बुधवार

नवे बॅज आले. यांचं रिडिंग जुलैत कळणार. दादाला तेवढा वेळ नाही. बायोप्सी शनिवारी.

सकाळी दादाने तीनदा वार विचारला. पोरीला बहिणीच्या नावाने हाक मारली, म्हणजे माझ्या. मी डबा घेऊन निघाले तर दाराशी आला, चौकट धरून.

"बाय, ती डबी?"

म्हटलं, तिकडेच असते, गेल्यावर लावते.

"नीट लाव. आत माझं सामान आहे."

एवढं बोलला आणि परत वार विचारला. बुधवार, म्हटलं.

कॅथलॅबमध्ये पहिली केस नऊला. नवं एप्रन अंगाला सैल होतं. त्याच्या आत बॅज लावला. क्लिप फार कडक आहे, दोन्ही हातांनी उघडावी लागली.