करवंद गट

सोमवार, ३ फेब्रुवारी

करवंद! माझ्या नातीला करवंद गटात टाकलंय. हुशार मुलं आंबा, मधली काजू आणि उरलीसुरली करवंद. तोडणकर टीचर म्हणे, "तसं काही नाही हो आजी, नुसती नावं." नुसती नावं! रत्नागिरीत राहून मला आंब्याचा मान शिकवते!

वर म्हणाली, चिमाने सीनियर केजी पुन्हा करावं. "सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचतच नाही." हेसुद्धा इतकं पुटपुटत, की मला पुढे वाकावं लागलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला. पुटपुटणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर नुसत्या खाकरल्या तरी शेवटचं बाक ताठ बसे.

मंगळवार, ४

चिमाला स्वतः तपासलं. समोर बसवून वार, रंग, इंग्रजी महिने, उजवा-डावा हात. एक चूक नाही! आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे कशी टक लावून बघते. असं लक्ष मोठ्यांचंही नसतं.

सून बँकेतून आली ती दारातूनच, "आई, तुमची परीक्षा पार नाक्यावर ऐकू येतेय." येणारच. ह्यांचे कान बोटीच्या इंजिनरूमने खाल्ले, तेव्हापासून या घरात कोण हळू बोललंय? हर्षदने दिवाळीत बापासाठी कानाचं मशीन आणलं, तर म्हणे, "शिट्टी मारतं." पडलंय डब्यात. ओरडतो आपले सगळे. चिमासुद्धा. खणखणीत आवाज आहे पोरीचा, माझ्यावर गेलाय.

गुरुवार, ६

पंखा दिवाळीपासून करकरतोय. विनीत येतो येतो म्हणतो. इलेक्ट्रिशियन आहे की मंत्री?

शुक्रवार, ७

गंगुबाई मिरकरवाड्याहून बांगडे घेऊन आली आणि बातमीही. तोडणकर टीचरच्या जावेने लहान मुलांची शिकवणी काढलीय! मग बरोबर. आधी पोर ढ ठरवायची, मग जावेकडे धाडायची. वाटलंच होतं मला.

गंगुबाई दारातून गरजली, "काय गो चिमे, ह्यो कुठचा मासो?" चिमाने पाटीतले सगळे मासे ओळखून दाखवले. हिला म्हणे पोचत नाही!

मंगळवार, ११

शाळेत गेले. म्हटलं, माझ्यासमोर विचारा. टीचर फळ्याकडे तोंड करून चित्र काढता काढता पुटपुटली, "चिमा, यातलं मोठं झाड कुठलं?" चिमा माझ्याकडे बघून हसत बसली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच हसू.

माझं रक्त उसळलं. धाक घातलाय हिने पोरीला! मी दारातूनच ओरडले, "चिमा! मोठं झाड कुठलं?" ती ताडकन उठली आणि फळ्यावर बोट ठेवलं. बरोबर! बाकीची मुलं दचकली, एक तर रडायलाच लागलं.

"बघितलंत?" मी म्हटलं.

"आजी, तुम्ही होतात म्हणून," टीचर म्हणाली. "एरवी नाही हो करत."

म्हणजे आता मी उत्तर पढवलं! खोटारडी.

बुधवार, १२

सून फितली. "राहू दे ना आई एक वर्ष, काय बिघडतं?" बिघडतं! एकदा ढ म्हटलं की तेच चिकटतं. जेवताना चिमाच विचारत होती, "आजी, करवंद वाईट असतं?"

शनिवार, १५

सोमवारी मोठ्या बाईंना भेटणार. जावेच्या शिकवणीसकट सगळं काढणार. पोरीला पहिलीत घालूनच परत येईन.

रविवार, १६

दुपारी चिमाने आजोबांचं मशीन डब्यातून काढून स्वतःच्या कानात घातलं. मी रागवणार होते. तेवढ्यात ती थबकली. वर बघितलं.

"आजी! पंखा वाजतोय! कधीपासून?"