पाचशे तासांची खुर्ची

६ मार्च

ती. बाबांस,
बारकीचा सा. न. वि. वि.

आधी चष्मा शोधा. कपाळावर असेल. फोन केला की तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला हो हो म्हणता आणि शेवटी मी काय बोलले ते मलाच विचारता. तीस वर्षं बसच्या इंजिनाशेजारी बसून तुमचे कान गेले, त्याला तुम्ही तरी काय करणार. म्हणून महत्त्वाचं ते पत्राने.

वैमानिकाचा परवाना हातात येऊन चौदा महिने झाले. तो कपाटात आहे आणि मी मोबाइलच्या दुकानात कव्हरं विकते आहे. प्रत्येक विमान कंपनी सांगते, अनुभव घेऊन ये. तो कुठे मिळेल असं विचारलं की सांगतात, विमानात. आता एका एजन्सीची चिठ्ठी आली आहे. पाचशे तास उडायला मिळेल, कॅप्टनच्या शेजारी उजव्या खुर्चीत, सहवैमानिक म्हणून, खऱ्या विमानात, मागे खरे प्रवासी. पगार मात्र नाही. उलट आपणच पैसे भरायचे. कुठल्या कंपनीत पाठवणार ते सगळं भरून झाल्यावर कळतं. एजन्सीचा माणूस फार गोड बोलतो, दर वेळी चहा विचारतो.

दादाला विचारू का? विचारलं तर तो मला उभी सोलेल. मागच्या खेपेला जेवता जेवता म्हणाला नव्हता का, की पैसे भरून बसलेला पायलट म्हणजे गणवेश घातलेला प्रवासी. त्याला बोलायला काय जातं, तो पायलट म्हणून लागला तेव्हा कंपन्या नव्या मुलांना पगार देत होत्या. पण त्याला विचारल्याशिवाय मन धजत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

औषध वेळेवर घ्या. आहे तशीच माया ठेवा.

तुमची,
बारकी


१४ मार्च

चि. बारकीस,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं, त्यातलं दोनदा चष्मा लावून.

मला बस शिकवली तेव्हा डेपोने पहिल्या दिवसापासून पगार दिला. मी दोनदा फाटकाला बस घासली, तरी दिला. त्यामुळे काम करायचं आणि वर पैसेही आपणच द्यायचे, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. पण तू कव्हरं विकतेस हेही मला बघवत नाही. वरच्या मजल्यावर खोली बांधायला म्हणून ठेवलेले पैसे आहेत. ती खोली बांधायची तरी कुणासाठी, तुम्ही दोघं तर हवेत. ते घे.

थोरल्याला मात्र इतक्यात कळू देऊ नकोस. त्याचं डोकं तापलं की चार दिवस निवत नाही, आणि तू त्याच्या शब्दाबाहेर जाणार नाहीस हे मला माहीत आहे. एकदा खुर्चीत बसलीस की मी त्याला माझ्या पद्धतीने समजावीन. तोवर आपण दोघं मूग गिळून गप्प बसू.

मी सध्या सकाळी एका शाळेची बस चालवायला घेतली आहे. वेळ जात नव्हता म्हणून, दुसरं काही मनात आणू नकोस. पोरं फार आरडाओरडा करतात म्हणे. मला ऐकू येत नाही, ते एक बरं आहे.

सुखी राहा, आणि म्हाताऱ्याला दोन ओळी टाकत जा.

बाबा


३ जुलै

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. आशीर्वाद लिहिताना मी उगाच साठ वर्षांचा वाटतो, पण आज तसंच वाटतंय.

हे फोनवर सांगता आलं नसतं. माझं कंत्राट या महिनाअखेरीस संपतंय आणि कंपनी ते पुढे वाढवणार नाही. आमच्या तळावरच्या नऊ सहवैमानिकांना काल एकत्र बोलावलं. टेबलावर प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि एक कोरा रुमाल ठेवला होता, तेव्हाच आमच्या तोंडचं पाणी पळालं. कारण साधं आहे. एका एजन्सीमार्फत नवी मुलं येतायत. त्यांना पगार द्यावा लागत नाही, उलट तीच भरतात. चीफ पायलटने हे आमच्याकडे न बघता, फाइलकडे बघत सांगितलं. पुढच्या वर्षी मी कॅप्टन होऊन डाव्या खुर्चीत जाणार होतो गं. सात वर्षं त्यासाठीच घालवली.

तुला एक सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये दोन पगारी जागांसाठी मुलाखती होणार होत्या. मी चीफकडे शब्द टाकून तुझं नाव यादीत घालून घेतलं होतं. तुला एकदम पत्रच यावं आणि तू दुकानातच नाचायला लागावंस, असं माझ्या मनात होतं. आता त्या जागाच काढून टाकल्या आहेत. वाईट वाटून घेऊ नकोस, दुसरीकडे बघू. आणि अशी एखादी एजन्सी तुझ्याही दारात आली, तर तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस.

बाबांना तू सांग, हळूहळू. मी लिहायला बसलो की हात चालत नाही. त्यांनी खोलीचं काम अजून सुरू का केलं नाही तेही विचार, मागच्या महिन्यात विचारलं तर टाळाटाळ केली.

जीव लाव तसाच,
दादा


९ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा एकाच दिवशी दोन पाकिटं आली. एक दादाचं होतं. त्याची नोकरी गेली आहे बाबा. हळूहळू सांग म्हणून त्याने लिहिलं होतं, पण मला हळूहळू सांगणं जमत नाही, माफ करा.

दुसरं पाकीट एजन्सीचं. एक ऑगस्टला हजर व्हायचं. कंपनी दादाचीच. तळही त्याचाच. तिथून नऊ जण गेले आणि नऊ जण येतायत, त्यातली एक मी. एजन्सीत जाऊन आले. पैसे परत मिळत नाहीत, तसं मी सही केलेल्या कागदावरच आहे म्हणे. त्या माणसाने मला चहा विचारला.

दादाला एकदा विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सगळं सांगितलं असतं. आपण त्याच्यापासून लपवलं, आणि त्याने माझ्यासाठी शब्द टाकला तो माझ्यापासून लपवला. सगळं एकमेकांच्या भल्यासाठीच, बरं का. त्या ऑक्टोबरच्या यादीत माझं नाव होतं, हे आठवलं की मी ताटावरून उठते.

त्याला सकाळपासून फोन करते आहे, पण तो उचलला की काय बोलायचं ते ठरत नाही, म्हणून एकदा वाजला की बंद करते. मी गेले नाही तर तुमची खोली फुकट गेली, आणि तिथे दुसरं कुणी बसेलच. गेले तर पुढचं मला लिहिता येत नाही. तुम्हीच सांगा.

तुमचीच,
बारकी


१५ जुलै

चि. थोरल्यास,
अ. आ.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

तुझ्या जागी जी मुलं येणार आहेत, त्यात आपली बारकी आहे. तिला कंपनीचं नाव ठाऊक नव्हतं, कुणालाच आधी सांगत नाहीत. पैसे मी दिले, वरच्या खोलीचे. ती तुला विचारते म्हणत होती. मीच तिला अडवलं. तू चिडशील, ती मागे हटेल, पोर पुन्हा दुकानात कव्हरं विकत बसेल, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

तीस वर्षं बस चालवली, पण आरशात बघितल्याशिवाय एकदाही वळवली नाही. या खेपेला न बघता वळवली आणि मागे तू होतास. रागवायचं तर माझ्यावर रागव. तिला काही बोलू नकोस, ती आधीच अर्धी झाली आहे.

घरी ये. तुझी आई असती तर तिने तुम्हा दोघांना आधी जेवू घातलं असतं आणि मग कुणाचं चुकलं ते काढलं असतं. मला स्वयंपाक येत नाही, पण जे होईल ते खाऊ. मी वाट बघतो आहे.

बाबा


२६ जुलै

बारके,

तुझे सगळे फोन दिसले, अर्ध्यात तोडलेलेसुद्धा. मी मुद्दाम उचलले नाहीत.

तुझ्यावर राग नाही असं लिहायचं ठरवून बसलो आणि दोन कागद फाडले. थोडा आहे. तुला ठाऊक नव्हतं हे मला कळतं, तरी आहे. कंपनीवर चिडावं तर ती समोर येऊन उभी राहत नाही, तू मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीस.

तू जा. तू न गेल्याने माझं काही परत येणार नाही, बाबांचं मात्र जाईल. एकच सांगतो. आपण पैसे भरलेत, तासांवरची सही कॅप्टनच्या हातात आहे, म्हणून गप्प बसू नकोस. त्याचं चुकतंय असं वाटलं तर तिथल्या तिथे बोल. मागे सत्तर माणसं बसलेली असतात आणि तू तिथे कशी आलीस हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मला काही महिने दे. माया आटलेली नाही, फक्त बोलवत नाही.

दादा


२१ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू महिने मागितलेस, मी जवळजवळ नऊ दिले. आता राहवत नाही.

तुझी खबर बाबांकडून कळते. शाळेची बस हल्ली तू चालवतोस आणि ते मागच्या बाकावर बसून तुझ्या वळणांना नावं ठेवतात, असं त्यांनी लिहिलंय. ते वाचून मी हसले आणि मग बराच वेळ रडले. तुझ्या हातात ती बस, आणि तीही माझ्यामुळे.

तू म्हणालास तशी दोनदा बोलले. एका कॅप्टनने ऐकलं. दुसऱ्यानेही ऐकलं, पण नंतर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. एकदा मात्र मी बोलले नाही, ते तुला सांगायलाच हवं. उतरताना वारा मागून जोरात होता, न टेकता पुन्हा वर जायला हवं होतं, पण त्या दिवशी माझ्या तासांवर सही व्हायची होती. विमान नीट उतरलं. दारात प्रवासी मला थँक्यू म्हणून गेले. एका आजीने तर माझ्या गालावरून हात फिरवला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

सोमवारी पाचशे तास पुरे झाले. पुढचे पाचशे घेणार का, एवढंच ऑफिसात विचारलं. भरले तर राहायचं, नाही तर जागा मोकळी करायची. मी नाही म्हणाले. चार कंपन्यांकडे अर्ज टाकलेत. अनुभव आहे, हे आता त्या मान्य करतात. पण पगार देऊन घेण्याची जागा कुणाकडेच नाही, म्हणतात.

काल माझ्या जागी आलेली मुलगी भेटली. तिला विमान दाखवून आण, असं मला सांगितलं होतं. चांगली आहे रे. तिच्या आईने शिवणाचं दुकान विकून तिला पाठवलंय. मी तिला खुर्ची पुढे कशी घ्यायची ते दाखवत होते, तर तिने सहज विचारलं, की तुमच्याआधी इथे कोण बसायचं. मी सांगितलं, माझा सख्खा भाऊ. तिला वाटलं, मी अभिमानाने सांगते आहे. म्हणाली, किती छान, म्हणजे खुर्ची घरातल्या घरातच राहिली.

मी हो म्हटलं, दादा. तिच्या आईचं दुकान विकून झालं होतं.

रविवारी घरी येते आहे. लोभ वाढवा असं लिहायचं तोंड मला राहिलेलं नाही. असेल तेवढा राहू दे.

तुझी,
बारकी