काळ्या झेंड्याची दोन पुस्तकं

२ मार्च २००३, शिरूर
मंगल काल दौंडहून एस्टीनं आली. तिथं मावशीकडं राहून कॉलेज करते. आल्या आल्या बापानं पिशवी उपसली. तरण्या पोरीची पिशवी उपसतो, माझ्या लेकाला, भानुदासला, लाज न्हाई. दोन पातळ पुस्तकं निघाली, दोन्हीवर काळा झेंडा. झालं. शनवारी रांजणगावला मंत्री यायचाय, आन् हा तिथल्याच कंपनीची बस चालवतो. म्हणला, ही काळे झेंडे दाखवणार, पोलीस आदल्या दिवशीच उचलणार, माझी बस गेली. कॉलेज बंद, परीक्षाबी न्हाई. स्थळ बघतो.
पोरगी जेवली न्हाई. मी जेवले. दोघींनी उपाशी राहून कुणाचं भलं.

३ मार्च
मंगलला म्हणलं, वाच बघू. मला पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत न्हाईत. अराज्यवाद म्हणं. नवशिक्यांसाठी तोंडओळख. म्हंजी सरकारबिगर माणसांनी आपलं आपण चालवायचं, काळा झेंडा ही त्यांची खूण. म्हणलं, आपल्या वस्तीवर सरकार कवा आलंय? मतं मागायला तेवढं.
मग इचारलं, बाँब हाय का गं ह्यात? खोटं बोलली न्हाई पोरगी. "काहींनी टाकले व्हते आज्जी, पण समद्यांनी न्हाई." भानुदास दारात उभा. त्यानं नेमका पयला निम्मा ऐकला.


५ मार्च
दौंडहून शाहीन आली, मंगलच्या वर्गातली. बाप रेल्वेत. मंगलचं हॉल तिकीट घेऊन आली, पुस्तकंबी तिचीच. भाकरी वाढली तर दोघींची जुंपली.
शाहीन म्हणती, सरकार गेलं आन् मालक राहिला तर काय उपेग? मंगल म्हणती, दुसऱ्या पुस्तकात मालमत्ता ज्याची त्याला हाय.
"मग ते अराज्यवादी न्हाईतच."
"हुकूम नको म्हणतीस, आन् कोण आत कोण भाईर ते तूच ठरवतीस व्हय गं?"
भाकरी गार. मी सांगितलं, आमच्या मेंढरांच्या तळावर कारभारी व्हता, पण तळ कवा हालायचा ते बाया चुलीपाशी ठरवायच्या. शाहीन म्हणली, हेच ते. मंगल म्हणली, कारभारी हाय तर हे न्हवंच. परत सुरू. माझ्याच तळावरनं.
भानुदास दुसऱ्या पाळीला निघालेला, बूट घालता घालता म्हणला, मालक नको तर बस कुणाची?
"जे चालवत्यात त्यांची, मामा," शाहीन म्हणली.
हसला न्हाई. पण बुटाची नाडी तशीच धरून बसला.
त्याला भाईर गाठलं. म्हणलं, झेंडा धरायला आधी दोघींचं एकमत लागतं. ते ह्या जन्मात व्हत न्हाई. तू पोरीला परीक्षेला सोड.
त्यानं नाडी बांधली आन् पाळीला गेला.

६ मार्च
सकाळी उठून बघते तर भानुदास दोन्ही पुस्तकांना जुन्या पेपरची कव्हरं घालतोय. बालवाडीतल्या पोराच्या वहीला घालावीत तशी. झेंडा झाकला. मंगलला म्हणला, चल, दौंडच्या गाडीत बसवतो. वाटंत हे उघडू नको.
मी पोरीला वाटंची भाकरी बांधून दिली.

८ मार्च
मंत्री आला, गेला. काळे झेंडे दाखवले म्हणं, कांदेवाल्यांनी. त्यांनी कुठली पुस्तकं वाचली व्हती. मंगलचा सांच्याला शेजारी फोन आला, पेपर बरा गेला. बरं वाटलं. चार दिसांनी तोंडाला चव आली, ठेचा केला.

११ मार्च
पुढच्या वर्षी कॉलेज का स्थळ, ते भानुदासनं काढलं न्हाई. मीबी काढलं न्हाई, झोपलेलं कुत्रं कशाला उठवा. चहा पिताना एवढंच म्हणला, "आये, ती मंगलची मैत्रीण परत कवा येणारे?"
म्हणलं, का रं?
"बसचं बोलणं अर्धवट राहिलं. डिझेल कोण भरणार, ते तिनं सांगितलंच न्हाई."