टेकलेला चोपदार

मुक्काम करवीर
आश्विन वद्य ५, शके १८३३

चिरंजीव कुतुबुद्दीन यास,

पिराजी बाळोजी चोपदार याचे आशीर्वाद. येथील मंडळी खुशाल आहेत. तूही कबनुरास मामांच्या घरी खुशाल असशील, असे धरून चालतो. तुझ्या मातोश्री खैरुनबी यांचा गुडघा दुखतो, तरी शिवणकाम चालू आहे.

दसऱ्याचा दरबार यथासांग पार पडला. यंदा मी लोकांत उभा राहून सवारी पाहिली. माझ्या जागी आलेला सयाजी दरबारात चोपाची काठी धरून ताठ उभा राहतो, परंतु ललकारी देताना त्याचा दम मध्येच तुटतो. त्यास तसे तोंडावर सांगितले. "बरं काका," म्हणाला आणि हसला. हल्लीच्या मुलांस दोष दाखवलेला सोसत नाही.

आता ज्येष्ठातल्या प्रकरणाविषयी. त्यास चार महिने झाले. वडीलकीच्या नात्याने इतकेच सुचवतो की, चित्र दाखवावयास नेताना जागेचा उजेड आधी पाहून घ्यावा. सरदारांच्या दिवाणखान्यातील खिडक्या त्या दिवशी निम्म्या लावलेल्या होत्या. माझी दृष्टीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. त्यामुळे चित्रातला मनुष्य मला परका वाटला असल्यास त्यात द्वेषबुद्धी नव्हती, हे तू समजून घ्यावेस व

आश्विन वद्य ६

काल येथवर लिहून कागद बाजूस ठेवला. आज वाचून पाहिला. अक्षर चांगले आहे, मजकूर खोटा आहे. फाडून टाकणार होतो. परंतु मी किती वेळा पळ काढला ते तुला दिसावे, म्हणून त्याच कागदावर पुढे लिहितो.

घडले तसे क्रमाने मांडतो, म्हणजे पळवाट राहणार नाही.

चित्रे काढणाऱ्या तिघा मुलांपैकी ज्याचे मनुष्याकृतीचे चित्र सरस ठरेल, त्यास चित्रकला शिकण्यास मुंबईस पाठवू, असे सरदारांनी जाहीर केले होते. तुला नमुना हवा होता. मी आपण होऊन म्हणालो, "करवीरात माझ्यासारखा उभा राहणारा दुसरा मिळणार नाही." वैशाखात अकरा दिवस रोज सकाळी मी आमच्या घरामागील परड्यात उघड्या अंगाने, चोपाऐवजी वेळूची काठी धरून तुझ्यापुढे उभा राहिलो. तू कोळशाने काढत होतास. मी एकदाही कागदाकडे पाहिले नाही. पाहण्याची गरज आहे असे मला वाटत नव्हते.

चित्र सरदारांकडे न्यावयाच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेस तू ते माझ्या सोप्यात आणलेस. तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "काका, कुठं चुकलंय ते आत्ताच सांगा. उद्या लोकांनी सांगायच्या आदी तुमी सांगा, म्हंजे सुधारतो."

मी पाहिले. उजवा खांदा कानाकडे चढलेला, डावा खाली उतरलेला, पोट पुढे आलेले आणि सगळ्या देहाचा भार काठीवर. कुतुबुद्दीन, मी त्या मनुष्यास पाहताक्षणी ओळखले.

चूक आहे म्हणावे, तर तू मला पुन्हा उभे करून दाखवणार. बरोबर आहे म्हणावे, तर आपण तसे आहोत हे कबूल करावे लागणार. म्हणून मी म्हणालो, "छान आहे." तू पुन्हा विचारलेस, "खांदा लई पडला न्हाय न्हवं?" त्यावर मी म्हणालो, "एकदा छान म्हटले ना? कागद गुंडाळ."

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात तिन्ही चित्रे मांडली होती. चित्रकलेचे जे मास्तर पारखण्यास आले होते, ते तुझ्याच चित्रापाशी थांबले. "देहाचा तोल चांगला पकडला आहे," असे ते म्हणाले. तेवढ्यात एक गृहस्थ हसून म्हणाले, "सरकार, हे तर आपले चोपदार! असे कधीपासून टेकायला लागले हे?" सरदारांनी माझ्याकडे वळून विचारले, "काय चोपदार, हे तुम्हीच का?"

मी बोललो ते तू ऐकलेस. तरी माझ्या हाताने लिहिणे मला भाग आहे. मी म्हणालो, "सरकार, हा चोपदार नव्हे. दारात काठी टेकून उभा राहिलेला भिक्षेकरी आहे. या पोरास उभा मनुष्य आणि टेकलेला मनुष्य यांतील भेद कळत नाही." सारे हसले. मास्तर म्हणाले, "समोरचा नमुनाच दिसत नसेल, तर मुंबईस जाऊन तरी काय दिसणार?" आणि तुझे चित्र खाली ठेवले गेले.

पायऱ्यांवर तू एवढेच म्हणालास, "काका, काल छान म्हणालासा की."

मी म्हणालो, "काल उजेड कमी होता."

आता जे लिहितो ते तुझा बाप मौला जिवंत असताना त्यासही सांगितले नव्हते, आणि त्याच्याहून जवळचा मित्र मला नव्हता. मी स्वखुशीने चाकरीतून रजा घेतली असे सर्वांस सांगत आलो. ते खोटे आहे. हुकुमातले शब्द असे होते : "दरबार चालू असता चोपास टेकून उभे राहतात, सबब कामावरून कमी." तो हुकूम मी चुलीत घातला. बत्तीस वर्षे चाकरी झाली, त्यांपैकी शेवटची चार-पाच वर्षे मी चोप धरला नाही, चोपाने मला धरले. ज्याचा धंदाच ताठ उभे राहण्याचा, त्यास यापरती दुसरी नामुष्की नाही. जाळलेला हुकूम तुझ्या कोळशाने पुन्हा लिहिला, असे मला त्या दिवाणखान्यात वाटले. माझी लाज झाकण्यासाठी मी तुझा हात चुकीचा ठरवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी आई शिवलेला अंगरखा घेऊन आली. हातात देईना. म्हणाली, "दादा, पोरानं तुमाला वाईट काढलं म्हणून बोललासा, का चुकीचं काढलं म्हणून? येवढं सांगा, मग अंगरखा घ्या."

मी म्हणालो, "चुकीचे काढले."

"असं व्हय? मग ह्ये काय?" असे म्हणून तिने माझ्यादेखत शिवण उसवली व आतला कापूस काढून दाखवला. "डाव्या खांद्याला दोन बोटं कापूस घालतोय मी. ह्यो धनी जित्ता हुता तवापास्नं. दर साली वाढवाय लागतंय. तुमी रागानं लाल व्हाल म्हणून आमी नवरा-बायकू गप ऱ्हायलो. आमी झाकलं, पोरानं दावलं. त्यात पोराचा काय गुन्हा? मामाच्या हातमागावर कापड विणत बसलंय तिकडं. कोळसा हातात धरत न्हाय."

चित्र तिने कापडाच्या गठ्ठ्यात सपाट घालून जपले होते. ते मी मागून घेतले. सात दिवस रोज सकाळी अंगरखा काढून त्याच्यासमोर उभा राहिलो. परवा ते घेऊन सरदारांकडे गेलो आणि चित्राशेजारी उघड्या अंगाने उभा राहिलो. सरदारांनी चित्रातले खांदे माझ्या खांद्यांशी ताडून पाहिले. मग म्हणाले, "चोपदार, हे ज्येष्ठात का केले नाहीत? जागा भरली. मुलगा गेला मुंबईला." गेलेल्या मुलाचा यात दोष नाही. शेवटी इतके कबूल केले की, माघात पुन्हा पाहू, मात्र जुने चित्र चालणार नाही, नवे काढून आणावे.

सरदारांपुढे उघडे होणे मला जमले. तुझ्यापुढे काल जमले नाही, हे वर दिसतेच आहे.

तू विचारले होतेस, कुठे चुकले. त्याचे उत्तर आज देतो. खांद्यांस हात लावू नकोस, ते बरोबर आहेत. पोटही बरोबर आहे. काठीवरचा हात मात्र चुकला आहे. तू मूठ आवळलेली काढलीस. चोप पेलणारा मूठ आवळतो. टेकणाऱ्याची बोटे सैल असतात आणि भार मनगटाजवळच्या उंचवट्यावर येतो. तेथे मला घट्टा पडला आहे, तो येऊन पाहा. डावे पाऊल तू जमिनीस सपाट टेकवले आहेस. वास्तविक माझी ती टाच उचललेली असते, कारण घोट्यात चमक भरते. तू कागद उघडलास की मी ती मुकाट्याने टेकवीत असे. ती लबाडी नमुन्याची होती, तुझी नजर चुकली नाही.

आणखी एक. हनुवटीखालची लोंबती कातडी तू काढलीच नाहीस. मला वाईट वाटेल म्हणून सोडलीस काय? सगळ्या चित्रात तेवढीच जागा खोटी आहे. खांद्यापाशी धीर केलास, मग हनुवटीपाशी भीड का धरलीस? माझ्यासारख्याची भीड धरून चित्रास काय मिळते, ते तू पाहिलेसच.

वडिलाने लहानाची क्षमा कोणत्या शब्दांत मागावी, हे मराठी चौथीपर्यंत मला कोणी शिकवले नाही. म्हणून साधेच लिहितो. मी चुकलो. तू क्षमा करावीस असा आग्रह नाही. परंतु माझ्यामुळे कोळसा सोडू नकोस. माघास तीन महिने आहेत. दिवाळी उरकून ये. परड्यात सकाळी ऊन येते, त्या वेळी मी टाच उचलून, काठीस टेकून उभा असेन. काढून झाल्यावर विचार, मी खरे सांगेन. सरदार विचारतील तेव्हाही तेच सांगेन.

तुझा,
जसा काढलास तसा,
पिराजी