चाळीस पानं गेली, एक राहिलं

मांडवगण फराटा,
बाजाराचा दिवस

प्रिय बुशरा,

कासमचाचा आज गाद्यांचा टेम्पो घेऊन आमच्या बाजारात आलेत. सकाळी भाजी घ्यायला गेले तेव्हा त्यांनीच हाक मारली. म्हणाले, "बेटा, किती वाळलीस गं! कंपनीत जेवायला देत न्हाईत का?" तुझी चौकशी करायची होती, पण माझी मान वर होईना. त्यांनी आपणहून सांगितलं, की तू डाव्या हातानं उशीच्या खोळी शिवायला लागलीस आणि टाका वाकडा गेला की स्वतःलाच शिव्या देतेस. हे सांगताना ते हसत होते. दुपारी टेम्पो भरायच्या आत पत्र आणून देते, असं त्यांना सांगून आले आणि आता माळवदावर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून लिहितेय. माझा मोबाइल आबांच्या कपाटात आहे. तो तिथं कसा गेला, तेच सांगायचंय. तू फोन केले असशील, मी उचलले नाहीत म्हणून रागावलीही असशील. फोन माझ्याजवळ नव्हता, एवढंच आधी समजून घे.

तुझा हात सात नंबरच्या प्रेसमध्ये गेला त्याला आता सहा महिने होतील. विम्याच्या कचेरीत तुला सांगितलं, की अपघात कंपनीत झाल्याची नोंदच नाही. त्या दिवशी तू कोरेगाव भीमातल्या आपल्या खोलीवर परत आलीस आणि कॉटवर बसून एकच वाक्य चार वेळा म्हणालीस, "मग माझी बोटं गेली कुठं?" मला ते वाक्य सोडत नाही. दुसऱ्या दिवशी चाचा येऊन तुला केडगावला घेऊन गेले. नंतर मला कळलं, की नोंद होती. प्रथमोपचाराच्या जुन्या रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, मशीनचा नंबर, तुझं नाव, सगळं होतं. जानेवारीत आपला माल घेणाऱ्या गाड्यांच्या मोठ्या कंपनीचे लोक ऑडिटला येणार म्हणून रजिस्टर नवीन केलं गेलं आणि जुनं भंगारात टाकायला निघालं. नव्या रजिस्टरमध्ये तुझ्या नावापुढं असं आहे: 'घरी कडबाकुट्टी मशीनमध्ये हात गेल्याने दुखापत.' पिंजाऱ्याच्या घरात कडबाकुट्टी! तुमच्या दारात शेळीसुद्धा नाही, बुशरा.

जुनं रजिस्टर भंगारात जायच्या आधी मी त्याचे फोटो काढले. नव्यातल्या फक्त तुझ्या नोंदीच्या पानाचा काढला. एक्केचाळीस पानं झाली. आमच्या क्वालिटी विभागाच्या खोलीतच ते कपाट आहे, त्यामुळे कुणी पाहिलं नाही. पुण्यात अनिताताई म्हणून एक बाई आहेत. कारखान्यात बोटं गेलेल्या कामगारांच्या नोंदी त्या गेली कित्येक वर्षं जमवतात. कॉलेजात त्यांचं भाषण ऐकलं होतं, तेव्हाच नंबर घेऊन ठेवला होता. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. फोटो कंपनीच्या वायफायवरून पाठवायचे नाहीत आणि बाकीच्या कामगारांची नावं झाकायची. शिवाय म्हणाल्या, एखादी चांगली व्हीपीएन सेवा बघ. म्हणजे आपल्या मोबाइलपासून जाणारी झाकलेली वाट; आत काय चाललंय ते वाटेतल्या कुणाला दिसत नाही आणि कुठून निघालं तेही सहजासहजी कळत नाही.

मग मी अभ्यासाला बसले. तू चेष्टा करशील, पण खरंच वही घातली. सकाळच्या कंपनीच्या बसमध्ये सगळ्या पेंगत असायच्या आणि मी वाचत असायचे. फुकटातली एक घेतली तर तिनं आधी माझे फोटो आणि सगळ्यांचे नंबर बघायची परवानगी मागितली. ज्याच्यापासून लपायचं त्यालाच घरात घेण्यातला प्रकार! ती लगेच काढून टाकली. 'सर्वांत उत्तम दहा' अशा याद्या वाचल्या तर प्रत्येक यादीत पहिला नंबर वेगळ्याच कंपनीचा. कोणती कंपनी कोणत्या देशातली, तिथला कायदा तिला काय विचारू शकतो, वाट मध्येच तुटली तर इंटरनेट आपोआप बंद पडतं की उघड्यावरून चालू राहतं, हे सगळं शोधलं. आमच्याकडं रेंज सारखी जाते, त्यामुळे ते शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटलं. त्यातल्या बऱ्याच कंपन्या अभिमानानं सांगतात, 'आम्ही तुमची कोणतीही नोंद ठेवत नाही.' ते वाचून मी थबकले. तिथं नोंद नसणं हा मोठा गुण, आणि इथं तुझी नोंद नाही म्हणून तू केडगावात बसून आहेस. वहीत मी लिहून ठेवलं, नोंद कुणाची आणि ती कुणाच्या हातात, हे आधी विचारायचं. लिहिल्यावर फार शहाणी झाल्यासारखं वाटलं. चारच दिवसांत ते शहाणपण उतरलं.

शेवटी विकतची एक निवडली. एका महिन्याची, आपल्या बँकेच्या कार्डावर चालणारी. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागच्या कट्ट्यावर बसून कार्डाचा नंबर टाकला आणि, बुशरा, नेहमीसारखा फोन लावला. "मामा, ओटीपी आला असंल, सांगा ना."

तुला आठवतंय, आपल्या बत्तीस जणींची पगाराची खाती उघडायला आपले कंत्राटदार, म्हणजे माझे बबनमामा, आपल्याला बँकेत घेऊन गेले होते. फॉर्म पटापट भरायचे म्हणून सगळ्यांच्या फॉर्मवर त्यांनी स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. तूच त्यांचं नाव ओटीपीमामा ठेवलंस. रिचार्ज असो, साडी असो, बसमध्ये कुणीतरी ओरडणारच, "ओटीपीमामा!" आणि पुढच्या सीटवरून ते आकडे वाचून दाखवणार. एवढी सवय झालीय, की परदेशातल्या कायद्यांचा अभ्यास करून आलेली मी, माझं गुपित ज्या एका माणसापासून लपवायचं होतं त्यालाच फोन करून आकडे विचारले. त्यांनी सहा आकडे सांगितले. मग मेसेजमधलं कंपनीचं नाव अडखळत वाचलं आणि म्हणाले, "हे काय गं घेतलंस? व्ही, पी, एन?" मी म्हणाले, स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ बघायचेत. "आरं वा, कलेक्टरीणबाई," म्हणाले आणि हसले.

बुधवारी मी रजा टाकून गावी आले आणि भर दुपारी ह्याच माळवदावर बसून फाइली पाठवल्या. त्रेसष्ट टक्क्यांवर रेंज गेली. सगळं बंद पडलं, म्हणजे मी निवडलेली सेवा खरोखर चांगली होती. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दोन तास लागले. शेवटी ताईंचा निरोप आला: 'चाळीस मिळाली. एक्केचाळिसावं?' मी उत्तर दिलं, 'तुमच्याशी बोलून सांगते.' मग मोबाइलमधले सगळे फोटो पुसले आणि मेमरी कार्ड काढून वेगळं ठेवलं.

गुरुवारी मामा घरी आले. कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्याला, जयसिंगला, त्यांनी विचारलं होतं आणि चोरून काही करायचं असलं की लोक हे घेतात, असं त्यानं सांगितलं होतं. मामा ओसरीवर चहा पीत आबांना म्हणाले, "दाजी, पोरीनं मोबाइलला आतनं कडी लावलीय. का, ते इचारा तिला." आईनं मला आत ओढलं आणि कानाशी लागून विचारलं, "कोन हाय त्यो? आपल्यातला हाय का?" मला आधी कळेचना. मग हसू आलं आणि त्या हसण्यानंच घात झाला. आईला वाटलं, लाजले. "हसतीस काय, भवाने? शिकवलं ते ह्यासाठी व्हय?" पोरगा आहे असं समजू दे, म्हटलं. तो राग मला झेपला असता. दुसरं कळलं असतं तर मामांचा कंत्राटाचा धंदा, आईचं माहेर, मामांनी कामाला लावलेल्या आमच्या गावातल्या अकरा जणींचं काम, सगळं एकदम ओसरीवर येऊन पडलं असतं. आबांनी मोबाइल मागितला, मी दिला. येत्या रविवारी पाटसहून पाहुणे बघायला येणार आहेत. जो मुलगा नाहीच, त्याच्यापासून मला वाचवायची घाई चाललीय.

पण जाताना मामा चपला घालत होते आणि मी कपबशा उचलत होते, तेव्हा माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "अनु, रजिस्टरचं कपाट आता माझ्याकडं असतंय. किल्लीपन." बस्स, तेवढंच. पोरगा नाही, हे घरात मला आणि त्यांनाच माहीत आहे. तेव्हापासून दारात मोटारसायकल थांबली की मी आधी खिडकीतून बघते. उद्या कामावर घेतील का, घेतलं तर कुठल्या मशीनवर बसवतील, तुझ्या घरी कुणाला पाठवतील, हेच डोक्यात फिरत असतं. केडगावात कुणी येऊन कोऱ्या कागदावर तुझी सही किंवा अंगठा मागितला, तर देऊ नकोस. चाचांनाही सांगून ठेव.

आता राहिलेलं पान. ते नव्या रजिस्टरमधलं, तुझ्या नावाचं आहे. ताईंना मी नंतर आबांच्या फोनवरून घाईघाईत सांगितलं, की बुशराची परवानगी घ्यायचीय, तिचं नाव उघड होईल. त्यांना ते पटलं. पण ते खोटं होतं. बाकीची नावं मी झाकली तसं तुझंही झाकता आलं असतं. ते पान मी माझ्यासाठी मागं ठेवलं. जानेवारीत मामांनी नवं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "तू आमची ग्रॅज्युएट, तुझ्यासारखं अक्षर हाय कुणाचं?" मी चार तास बसून लिहिलं. तुझ्या नावाशी आल्यावर त्यांनी तोंडी सांगितलं, कडबाकुट्टी. मी म्हणाले, मामा, त्यांच्याकडं जनावर नाही. ते म्हणाले, "ऑडिटवाल्याला काय ठावं?" आणि मी लिहिलं, बुशरा. शुद्धलेखनाची एक चूक न करता. संध्याकाळी खोलीवर येऊन तुला फोन केला, तब्येत विचारली आणि हे सांगितलं नाही. इतके दिवस झाकलेली वाट शोधत होते ती तुझ्यासाठी, असं स्वतःला समजावत होते. पण त्या वाटेवरून माझं अक्षर तेवढं बाहेर जाऊ नये, हेच मला हवं होतं. ताई म्हणतात, बारा तारखेला कारखाना निरीक्षकांपुढं सुनावणी आहे आणि जुन्या नोंदीशेजारी ठेवलं की कंपनीला बोलता येणार नाही, असं ते एकच पान आहे. मेमरी कार्ड ह्याच पाकिटात, कागदात गुंडाळून ठेवलंय. ताईंचा पत्ता आणि नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. काय करायचं ते तू ठरव. मला माफ करायची घाई करू नकोस, आणि माझी नोकरी जाईल म्हणून हात आखडू नकोस. कार्ड ताईंना दिलंस तर त्याच्यासोबत हे पत्रही दे. त्या पानावर कुणाचं अक्षर आहे, हे त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावं लागू नये, म्हणून सही पूर्ण नावानं करतेय.

तुझीच,
अनुपमा सर्जेराव फराटे